जंकसच्या शीटवरची चिठ्ठी

आधीच सांगून टाकतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी जे हर्बेरियम जमा केलं, त्यातल्या निम्म्या शीट माझ्या नव्हत्या. हे शेवटी सांगायचं ठरवलं तर मी त्याच्याभोवती नुसता घुटमळत राहीन, म्हणून आधीच.

हर्बेरियम म्हणजे रोप मुळासकट काढायचं, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्यानं टाचायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची. चिठ्ठीवर नाव, कूळ, स्थळ, तारीख आणि संकलक, म्हणजे ते कोणी गोळा केलं. रोप वाळून तपकिरी होतं, फुलांचा रंग जातो. चिठ्ठी मात्र राहते. आमच्या मॅडम म्हणायच्या, "चिठ्ठीशिवाय शीट म्हणजे नुसता वाळका पाला." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. खाली लाल रेघही मारली होती.

त्या वर्षी मॅडमनी आम्हाला पाणथळ जागेतली, गवतासारखी दिसणारी झाडं दिली होती. हे काम कुणालाच आवडलं नाही. गुलाबी-पिवळी फुलं असली की ओळखायला बरं पडतं. इथं सगळंच हिरवं, उभं आणि एकसारखं. मॅडमनी पहिल्याच तासाला तीन काड्या वाटल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. आधी बोटांत फिरवा." एक काडी फिरली, आतून पोकळ होती आणि मधेमधे पेरं लागली. ते गवत. दुसरी फिरेचना, तिला तीन धारा होत्या. तो लव्हाळा. तिसरी गोल, गुळगुळीत, पेर नाही आणि आत पांढरा भुसभुशीत गर. "हा जंकस नव्हे, लव्हाळ्याच्याच कुळातला आहे," मॅडम म्हणाल्या, "जंकस वेगळ्या कुळातला, तो माझ्याकडे नाहीच. पण तो असाच लागतो. फसायचं नसेल तर त्याचं फूल भिंगाखाली धरायचं. लव्हाळ्याच्या कुळात खवल्याखवल्यांची कणसं असतात, प्रत्येक खवल्याआड एकच बी. जंकसला मात्र खरं फूल असतं, सहा दलांचं, आणि मधे छोटंसं बोंड. बोंडात धुळीसारखं बारीक बी."

मला हे सगळं ऐकून घरच्यासारखं वाटलं. पण मी हात वर केला नाही. मी वर्गात हात वर करत नसे.

घरच्यासारखं वाटायचं कारण असं की माझे वडील पाटकरी आहेत. वैजापूरकडं कालव्याची जी चारी आमच्या गावाला येते, तिची दारं उघडणं, लावणं, पाण्याची पाळी यायच्या आधी ती साफ ठेवणं हे त्यांचं काम. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चौथीपर्यंत शिकलेत. मी दिवाळीला घरी गेल्यावर सहज म्हणालो की आम्हाला असली पाण्यातली झाडं गोळा करायचीत. त्यांनी फक्त "व्हय का" म्हटलं आणि जेवायला लागले.

तीन आठवड्यांनी ते कॉलेजच्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभे. क्रांती चौकातून चालत आले होते, कारण कुठल्या रिक्षात बसायचं ते त्यांना कळलं नव्हतं. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भारा. गाळाचा वास येत होता. मी त्यांना आत खोलीवर नेलं नाही. बाहेर पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसवलं. खोलीत ऊन येतं, झाडं सुकतील, असं मी त्यांना सांगितलं. खोलीत ऊन येत नव्हतं.

त्यांनी गोणपाट सोडलं. आत सात-आठ जुड्या होत्या. प्रत्येक जुडीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली.

"हे बग," ते म्हणाले, "हा लव्हाळा. ह्यो उपटायचा नाय, खणायचा. उपटला तर गाठ खाली ऱ्हाती न् आठ दिवसांत पुन्ना हजर. वास घे गाठीचा." मी घेतला. "हे पाणकणीस, ह्याचं लई सांगायला नको, निस्ता राक्षस. अन् ह्यो..." त्यांनी निळ्या चिंधीची जुडी काढली. गोल, पानंच नसलेल्या हिरव्या काड्या. मधेच कुशीला तपकिरी कणसांचा झुपका. "ह्याला मी टचक्या म्हंतो. दाब."

मी काडी नखानं दाबली. टच असा आवाज आला. पुढं दाबली, पुन्हा टच. आत पडदे होते, बोटभर अंतरावर.

"ह्यो गुणी हाय," आबा म्हणाले. "पाणी आलं की वाकतो, आडवत नाय. म्हनून ह्याला मी शेवटाला काढतो."

तेवढ्यात माझ्या खोलीतले दोघं टाकीवर बादली भरायला आले. एक म्हणाला, "काय काका, म्हशीचा चारा आणला का?" दुसरा माझ्याकडं बघून म्हणाला, "अरे, ह्याला मेसचं जेवण पुरत नाही वाटतं!"

आबा हसले. पाहुण्याच्या गावात माणूस हसतो तसे. आणि मीही हसलो. नुसता हसलो नाही, आबांना म्हणालो, "ठेवा की तिकडं, कोपऱ्यात." आजही काही करता करता हे मधेच आठवतं आणि कानशिलं गरम होतात. बादल्या भरून ते दोघं गेले. आबांनी प्रत्येक चिंधीचं सांगून संपवलं, मी मान हलवत होतो पण ऐकत नव्हतो. दुपारच्या एस.टी.नं ते परत गेले. गोणपाट त्यांनी घडी करून बरोबर नेलं.

भारा टाकीमागंच राहिला. दोन दिवसांनी त्याला वास सुटला. मी तो उचलून भिंतीपलीकडच्या कचऱ्यात टाकला. चिंध्यांसकट.

तसा मी काही आळशी नव्हतो. चार-पाच शीट मी स्वतः केल्या होत्या, विद्यापीठाच्या आवारातल्या नाल्यातून आणून. पण त्या सगळ्या साध्या होत्या, आणि मला वाटलं, शेतमजूर उपटून बांधावर फेकतात ती तणं मी मॅडमसमोर काय म्हणून ठेवायची? आमच्याकडं चाल अशी की पास झालेला मुलगा आपल्या शीट खालच्या वर्गातल्या मुलाला देऊन टाकतो. जुनी चिठ्ठी चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरायची, डिंक सुटतो, मग आपली डकवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जणू वापरलेलं पुस्तकच दिलं. मला ओळखीच्या एका दादानं दिल्या; तो दुसऱ्या कॉलेजातून पास झालेला, त्यामुळं मॅडमनी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. त्यातली एक बघताच मी ओळखली. सहा दलं, मधे बोंड. जंकस.

दादाच्या चिठ्ठीवर स्थळ होतं म्हैसमाळ. मी म्हैसमाळ पाहिलं नव्हतं. मॅडमनी तिथलं काही विचारलं तर? खुलताबादला मी वर्गाबरोबर एकदा गेलो होतो, गावाबाहेर डोंगराच्या उतारावर एक झरा पाहिला होता. मी लिहिलं: स्थळ, खुलताबाद, उतारावरचा झरा. तारीख टाकली. संकलक म्हणून माझं नाव लिहिलं. अक्षर मुद्दाम जरा वाकडं काढलं, शेतात उभं राहून लिहिल्यासारखं.

तोंडी परीक्षेला मॅडम शीट एकेक करून उलटत होत्या. जंकसपाशी थांबल्या. भिंग काढलं. मग चष्मा काढला आणि पुन्हा भिंग लावलं. नखाची कड त्यांनी वाळलेल्या पानावरून हळूच ओढली.

"पडदे लागताहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "हा तुला खुलताबादला मिळाला?"

"हो मॅडम."

"स्वतः काढलास?"

"हो."

मॅडमच्या टेबलाच्या खणात एक जाड वही असते. जिल्ह्यात त्यांनी स्वतः पाहिलेल्या किंवा खात्रीच्या माणसानं पाहिलेल्या झाडांची यादी. कितीतरी वर्षांपासूनची. ती त्यांनी काढली, त्यात पेन्सिलनं एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "मी हा आपल्या जिल्ह्यात कधी पाहिलेला नाही रे. रविवारी येशील का माझ्याबरोबर? जागा दाखव. स्वतः पाहिलं की मग शाईनं लिहीन." परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजचे सर आले होते, त्यांना त्या म्हणाल्या, "हा बोलत नाही फारसा. पण डोळे बघा कसे आहेत."

मला पैकीच्या पैकी मार्क पडले.

रविवारपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी सांगू शकलो असतो. रोज सकाळी ठरवायचो, रोज विभागाच्या दारापर्यंत जायचो. एकदा त्या दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, "मी रबरी चपला काढून ठेवल्यात हं!" मग मला बोलवेना.

मार्च होता. आम्ही सकाळच्या एस.टी.नं निघालो. मॅडमनी डबा घेतला होता, दोघांपुरता. त्यांचा गुडघा दुखतो, तरी उतारावर त्या माझ्या पुढं होत्या. झरा म्हणजे आता दगडांमधली हातभर ओल उरली होती. तिच्या कडेनं हिरवी रेघ. मॅडम चपला घालून सरळ चिखलात उतरल्या, वाकल्या, आणि एकेक काडी बोटांत फिरवायला लागल्या.

"हा तिधारी. हा तिधारी. हे गवत... हा गोल आहे, थांब. नाही, टोकाला एकच कणीस आहे, हा लव्हाळ्याच्याच कुळातला." त्या माझ्याशी बोलत होत्या, शिकवत होत्या. "तू नेमका कुठं काढलास? त्या दगडापाशी?"

"हो, तिकडंच कुठंतरी."

त्या दगडापाशी गेल्या.

उतारावर एक म्हातारे चाचा शेळ्या चारत होते. बराच वेळ आमच्याकडं बघत होते. शेवटी जवळ आले. "क्या ढूंडरे मॅडमजी? कुछ गिर गया क्या?"

"नाही चाचा, एक गवत शोधतोय. पाण्यातलं."

"गवत?" चाचा हसले. "गवत पाहिजे तर माझ्या शेळ्यांना विचारा. हौ, खरं सांगतो. इथं हे एवढं पाणी पण पंधरा दिवसांत खलास. मग सगळं वाळून जातं. बारमाही काही टिकतच नाही इथं."

"पण हा मुलगा इथूनच घेऊन गेला होता," मॅडम म्हणाल्या.

चाचांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "लडका झूट बोलरा होगा," ते म्हणाले. चेष्टेतच, शेळीला हाकताना म्हणावं तसं.

मॅडम ताठ झाल्या. इतक्या की हातातली काडी खाली पडली. "नाही," त्या म्हणाल्या, "हा त्यातला नाही. माझीच नजर कमी झाली असेल."

आणि पुन्हा वाकल्या.

मी त्यांना आणखी किती वेळ शोधू दिलं, ते मला नीट सांगता येत नाही. चाचा शेळ्या घेऊन टेकडीपलीकडं गेले तोवर तरी. मॅडमच्या साडीचा काठ चिखलानं भरला होता, एक हात त्या सारखा गुडघ्यावर ठेवत होत्या. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, ते इथलं नाही."

त्या वाकलेल्याच राहिल्या. "म्हणजे?"

"मी काढलेलं नाही. शीट मला दादानं दिली. मी चिठ्ठी बदलली."

त्यांनी हात धुतले नाहीत, पदराला पुसले. दगडावर बसल्या. मला वाटलं आता रागावतील. मी त्याचीच वाट बघत होतो, खरं म्हणजे. पण त्या म्हणाल्या, "कुठलं आहे मग ते?"

"दादाच्या चिठ्ठीवर म्हैसमाळ होतं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हैसमाळ? इथून जवळच आहे की! तिकडं गारवा असतो, मिळू शकतो. लाव त्याला फोन."

मी लावला. त्यांनी आवाज मोठा करायला सांगितला. दादा पुण्याला नोकरीला लागले होते, झोपेतून उठल्यासारखे बोलले. मॅडम शेजारी आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही, तेही एक. "म्हैसमाळ? अरे, मी कधी गेलोय म्हैसमाळला? ती शीट मला माझ्या सीनियरनं दिली होती. आधीच्या चिठ्ठीवर काहीतरी घाटाकडचं नाव होतं बहुतेक. आठवत नाही बुवा. मीपण ती वाफेवर काढलीच ना! का रे, पकडलं का काय?"

मी फोन बंद केला.

मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी खरं चिखलात उतरून ते काढलं असेल. कोण, कुठं, आता कधीच कळणार नाही." मग चपलांचा चिखल दगडाला पुसत, "खोटं बोललास त्याचं मी बघून घेईन. पण खरं पुसलं गेलं, त्याचं काय करायचं?"

डबा आम्ही खाल्ला नाही. एस.टी. यायला वेळ होता, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझं स्वतःचं काहीच नव्हतं?" निम्म्या शीट दादाच्याच आहेत हे मी त्यांना सांगितलं, आणि मग आबांच्या भाऱ्याचंही. चिंध्यांचं, टचक्याचं. टच असा आवाज येतो म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "कणसं कुशीला येतात त्याला? टोकाच्या खाली?" मी हो म्हटलं. "अरे, तोच तर सगळ्यांना फसवतो. गोल काडी, पान नाही, पडदे आहेत, झुपका कुशीला. लोक त्याला जंकस म्हणून मोकळे होतात. फक्त भिंगाखाली खवले दिसतात तेव्हा कळतं की हा लव्हाळ्याचा भाऊबंद. मला शिकवायला तोच हवा होता. कुठं आहे?"

"फेकला."

त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत परत ठेवला.

सोमवारी त्यांनी परीक्षकांना फोन करून माझे दादाच्या सगळ्या शीटचे मार्क काढायला लावले. माझ्यासमोरच. मग म्हणाल्या, "आता घरी जा, आणि वडिलांनी दिलं होतं ते घेऊन ये. पुन्हा मिळालं तर."

मी गावी पोचलो तेव्हा पाळी येणार म्हणून आबांनी चारी साफ केली होती. दोन्ही काठ खरवडलेले, तळाचा गाळ काढून बांधावर टाकलेला. त्या गाळात सगळं होतं, वाळून काळं पडलेलं. त्यातली कुठली काडी काय, काही कळत नव्हतं.

"त्या वख्ताला दिली ती कमी पडली का?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, "खराब झाली." मग लगेच म्हणालो, "नाय आबा. मी फेकली. कचऱ्यात."

ते दाराच्या चाकाला वंगण लावत होते. हात थांबला नाही. "त्या पोरांनी हासलं म्हनून?"

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

"फेकतो की मीबी," ते म्हणाले. "हे काय, भारेच्या भारे फेकलेत. पन कोन हाय ते बगून फेकतो, लेका." एवढंच. मग त्यांनी चिंधीला हात पुसले आणि मला दाराच्या खालच्या अंगाला नेलं. दार नीट बसत नाही, तिथून बारा महिने पाणी झिरपतं. त्या वीतभर ओलीत गोल हिरव्या काड्यांचा एक झुबका उभा होता. "ह्यो ठिवला होता," ते म्हणाले. का, ते सांगितलं नाही. त्यांनी खुरप्यानं अर्धा झुबका मुळासकट काढला. अर्धा ठेवला.

चिठ्ठी मी तिथंच बांधावर बसून लिहिली. स्थळ लिहिताना आबांना विचारलं, या दाराला काय म्हणतात. त्यांनी दाराचा नंबर सांगितला. संकलक या शब्दापुढं मी त्यांचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझं कशाला? परीक्षा तुझी हाय." पण खोडायला लावलं नाही.

मॅडमनी ती शीट ठेवून घेतली. आणि जंकसचीही. तिच्यावर त्यांनी मला नवीन चिठ्ठी लिहायला बसवलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. "स्थळ: माहीत नाही. तारीख: माहीत नाही. संकलकापुढं रेघ मार. आता खाली लिही: मूळ चिठ्ठी काढून टाकलेली आहे. आणि काढली कोणी, ते नाव लिही." मी विचारलं, "फक्त माझं? आधीच्यांनीपण..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी माझं नाव लिहिलं. वहीतली पेन्सिलची ओळ त्यांनी रबरानं पुसली, पण पेन्सिल जोरात टेकवलेली होती, त्यामुळं तिरप्या उजेडात ती अजून वाचता येते.

मी आता तिथंच एम.एस्सी.ला आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रात्यक्षिकाला मॅडम मला मदतीला उभं करतात. विभागाकडं जंकसची एवढी एकच शीट आहे, त्यामुळं दर वर्षी तीच निघते. मी मुलांना भिंग देतो, सहा दलं दाखवतो, बोंड दाखवतो. शेजारी टचक्याची शीट ठेवतो आणि खवले मोजायला लावतो. मुलं पटकन शिकतात. परवा एका मुलीनं दोन्ही नीट पाहिल्या आणि मग वाकून चिठ्ठी वाचायला लागली. मोठ्यानं वाचत होती. खालच्या ओळीपाशी आली, नाव वाचलं, आणि हसत म्हणाली, "दादा, हे कोण हो? एवढी भारी शीट, आणि चिठ्ठीच काढून टाकली! येडाच दिसतोय."

वर्गातले बाकीचे हसले. खिडकीपाशी मॅडम वही चाळत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी," मी म्हणालो. "ते नाव माझं आहे."

ती वाकलेली सरळ झाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "म्हणजे हे झाड कुठं मिळतं, ते तुम्हाला माहीत नाही?"

मी नाही म्हणालो, आणि भिंग पुढच्या मुलाकडं दिलं.